अडल्यापासून विचारेपर्यंत

हेरंब आला तसा वाऱ्यासारखा गेला, आणि त्याची ती वागणूक वैजूकाकीने पुढचे तीन आठवडे कोनाळवाडीत भेटेल त्याला ऐकवली. गणपतीला जमणार नाही म्हणून आधीच कळवून मोकळा झालेला मुलगा ऐन आषाढात, पाऊस मी म्हणत असताना, बंगळुरूहून येतो. आईने खाडीतल्या सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, सार केलेलं असतं ते ओट्यापाशी उभ्याउभ्या जेवतो. बायको अनुजा का नाही आली विचारलं तर "तिला रजा नाही" एवढंच म्हणतो. भिंतीला भोक पाडून अर्ध्या करवंटीएवढी एक काळी डबी आणि तिच्याखाली एक पडदा बसवतो, आणि दुसऱ्या दिवशी चहासुद्धा न घेता चालता होतो.

"मुलगा आला होता की वायरमन, तेच मला कळलं नाही," असं ती म्हणायची. ऐकणारे हसायचे. ती हसत नसे.

वैजयंती परुळेकर, शिक्षण चौथी. वेंगुर्ल्याच्या अलीकडे डोंगरात कोनाळवाडी, तिथे तिचा काजूचा कारखाना. नवरा गेला तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, हेरंब सहाचा, आणि परड्यात नुकतीच मांडलेली मशिनं: एक बॉयलर, सहा कटर, एक ड्रायर. दीर म्हणाले, विकून टाक, बाईमाणसाचं काम नव्हे. तिने दिरांना चहा दिला आणि वाटेला लावलं. बॉयलरचा कुठला कॉक कशासाठी हे तिने स्वतः हात भाजून शिकून घेतलं. छत्तीस वर्षांत कुणाला काही विचारलं नाही, कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही, हे ती देवळातल्या आरतीसारखं रोज एकदा तरी म्हणत असे.

डबी लावताना हेरंबने जेवढं सांगितलं ते असं.

"ह्याला आम्ही कानोसा म्हणतो. शब्द साठवत नाही. नुसता घराचा कानोसा घेतो."

"कशाचा?"

"ते सांगितलं तर माणसं वेगळी वागतात आणि मोजणी बिघडते."

"म्हणजे चोरासारखं कान लावून बसायचं."

हेरंबने स्क्रू पिळला. "आई, आपला देश आणि ब्राझील, दोघांतलं महासत्ता आधी कोण होणार, त्याची ही मोजणी आहे. मोठे झाले ते झाले, आता रांगेत पुढे हे दोघेच. बारा हजार घरं इथली, बारा हजार तिथली, जोडीजोडीने. सुताराला सुतार, मास्तराला मास्तर. काजूवाल्याला काजूवाला. आणि काजू मुळात तिथूनच आलाय, पोर्तुगीजांच्या गलबतातून."

"मग आता परत मागायला आलेत की काय?"

हेरंब क्षणभर हसला. त्या दोन दिवसांत तेवढंच.

आता महासत्ता म्हणजे काय, हे वैजूकाकीला शिकवायला कुणी नको होतं. ज्याला कुणाची गरज पडत नाही तो मोठा. गावात तसं, तर देशांचंही तसंच असणार. आणि ह्या करवंटीतून दिल्लीपासून ब्राझीलपर्यंतचे लोक आपल्या घराकडे कान लावून बसलेले. तिने दुसऱ्याच दिवशी नऊच्या नऊ बायकांना कटरपाशी उभं केलं आणि हुकूम सोडला.

"आजपासून कुणी कुणाला काही विचारायचं नाही. 'गो, माझं पातं बघ', 'गो, जरा हात लाव' हे बंद. ज्याचं त्याने करायचं. अडलं तर गप्प बसून वाट काढायची. परक्या मुलखासमोर आपण भिकारडे दिसता कामा नये."

"आणि येणाच नसला तर?" शेवंतीने विचारलं. ती वीस वर्षांची जुनी, म्हणून तिची हिंमत.

"तर येतंय असं दाखवायचं."

कारखाना गप्प झाला. आधी कटरच्या खटखटाटावर नऊ बायकांचं बोलणं तरंगत असायचं. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं. आता नुसती खटखट. पहिल्या आठवड्यात काकीला ते शिस्तीचं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात, दुपारी बॉयलर थंड झाल्यावर, तिला स्वतःच्या बांगड्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

राहता राहिला बुधवार. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे ब्राझीलच्या सकाळी साडेआठला, पडद्यावर तिची जोडीदारीण यायची. सिआरा नावाच्या मुलखातली लूर्देस. जाडजूड, दात पडलेली, डोक्याला फडकं बांधलेली. ती तिच्या बोलीत बोलायची आणि डबीतलं यंत्र त्याचं मराठी करायचं.

"आदरणीय भगिनी," पहिल्याच बुधवारी ती म्हणाली, "माझ्या काजूगराचे आवरण सुटत नाही. आपण कोणती पद्धत अवलंबता, हे कृपया कथन कराल काय?"

"ही बाई सरकारी पत्रासारखी बोलते गो," काकी शेवंतीच्या कानाशी म्हणाली.

यंत्राने तेही इमानाने पलीकडे पोचवलं. लूर्देस इतकी हसली की तिच्या मागून दोन बायका काय झालं म्हणून धावत आल्या.

काकीने सांगितलं, की ड्रायरमधून काढल्या काढल्या सोलायला बसू नको, पसरून ठेव, हवा खाऊ दे, साल आपणहून सुटते. लूर्देसने ते तिथल्या तिथे त्या दोघींना सांगितलं, आणि त्यांतली एक तशीच बाहेर पळाली, शेजारच्या घरात सांगायला. पुढच्या बुधवारी लूर्देसकडे नवा प्रश्न. त्याच्या पुढच्या बुधवारी तीन प्रश्न आणि मागे पाच बायका. घर होतं की एसटी स्टँड? कुणी पाना मागत होतं, कुणी मिठाचा डबा, कुणी नुसतंच दारातून डोकं घालून काहीतरी विचारून जात होतं.

"ब्राझीलचं काही खरं नाही," काकी समाधानाने म्हणाली. "ह्यांना काही म्हणजे काही येत नाही."

एकदा लूर्देसने पिवळ्याधमक सरबताची बाटली पडद्याजवळ धरली. बोंडूचं, काजूच्या रसाळ फळाचं सरबत, वर्षभर टिकणारं. "आपण बोंडांचे काय करता?"

"फेकतो."

"समस्त?"

दर मोसमात परड्यामागे बोंडूंचा ढीग कुजायचा आणि त्या आंबूस वासात छत्तीस वर्षं वैजूकाकीच्या मनात यायचं, एवढं फळ वाया जातं, ह्याचं काही होत असेल का? प्रश्न जिभेच्या टोकाशी आला. वर डबीचा हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"आम्हाला गरज नाही," ती म्हणाली.

लूर्देसने बाटली खाली ठेवली. "भगिनी, मी आपणांस इतके विचारते. आपण मला कधीही काही विचारीत नाही. आपणांस मी मूर्ख भासते काय?"

ह्याला उत्तर द्यायचं म्हणजे फार बोलावं लागलं असतं. काकीने पदर सारखा केला आणि वेळ झाली म्हणाली. वेळ झाली नव्हती. पडदा बंद कसा करायचा हे तिला माहीत नव्हतं आणि लूर्देस बंद करायला विसरली. तेव्हा पलीकडे भांडी वाजत राहिली, कुत्रं भुंकत राहिलं, बायका एकमेकींवर ओरडत राहिल्या. काकी समोर खुर्ची घेऊन बसली आणि तिने चहा तिथेच प्यायला. त्या गलक्याचं मराठी यंत्राला करता येईना, एक अक्षर कळत नव्हतं. पुढच्या बुधवारी ती ठेवणीतली साडी नेसून पावणेपाचलाच येऊन बसली.

मार्गशीर्षात शेवंतीचा हात पोळला. कटरचं पातं निसटत होतं. तिने ते चार दिवस तसंच रेटलं आणि पाचव्या दिवशी टरफलाचा चीक उडून मनगटापर्यंत कातडी काळी पडली. काकीला कळलं ते चार दिवसांनी, हात सुजल्यावर.

"आधी सांगूक काय झाला होता गो तुका?"

"तुमीच म्हणालात ना, कोणी कोणाक काय इचारूचा नाय." शेवंतीने फडकं गुंडाळलेला हात पाठीमागे घेतला. "काकी, मी सोमवारपासून तुळसकरांच्या कारखान्यात जातंय. थंय बोलूक तरी गावता."

तिच्यामागून आणखी चौघी गेल्या. काकीने कुणाला थांब म्हटलं नाही. जाताना प्रत्येकीला किलोभर अख्खा गर बांधून दिला आणि दार लावून घेतलं. हेरंबचा दर रविवारी फोन यायचा. "सगळं ठीक ना आई?" "मला काय धाड भरलीय? तुझं?" "ठीक." "अनुजा?" "ठीक आहे सगळं." ठेवला फोन.

चैत्रात, काजूचा मोसम ऐन भरात असताना, हेरंब पुन्हा आला. दुपारी चारला बिनचालकाची भाड्याची गाडी फाटकाशी थांबली आणि तिथेच उभी राहिली. ह्या खेपेला तो बसला. आईने पुढे केलेला चहा घेतला. कारखान्याच्या बाजूने चारच कटर ऐकू येत होते, त्यांच्याकडे त्याचं लक्ष होतं की नाही कोण जाणे.

"आता मोजणी संपली," तो म्हणाला. "आता सांगता येईल."

"सांग. कोण जिंकलं?"

"तसं नसतं ते." मग त्याचा चेहरा जरा उजळला. कामाचं बोलायला लागला की तो लहानपणीसारखा दिसायचा. "आई, पैसा, सैन्य, रस्ते सगळं सारखं असलेले दोन देश घे. दोन्हीकडे पूर आला, साथ आली. एक सहा महिन्यांत उठतो, दुसरा सहा वर्षांत. असं का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आम्हाला सापडलं. माणूस काही करताना अडतो, आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारतो. ह्या दोन्हींच्या मधे जो वेळ जातो ती त्याची अडणवेळ. कुणाची दोन मिनिटं, कुणाची दोन महिने. कानोसा तेवढंच ऐकतो. एकच खटपट पुन्हा पुन्हा होतेय, सुस्कारे पडतायत, मशीन थांबलंय, म्हणजे माणूस अडलंय. मग आवाजाला प्रश्नाचा हेल कधी येतो, ते बघायचं."

वैजूकाकीचा हात कपाच्या कानावर थांबला.

"हा आपल्या भिंतीतला चिरा बघ," हेरंब सांगत होता. "जांभ्याला भोकं असतातच. पण ती एकमेकांना जोडलेली हवीत. शंभरातली पन्नास जोडलेली असली तरी वर ओतलेलं पाणी मधेच अडतं. पंचावन्न असली तरी अडतं. साधारण एकोणसाठच्या पुढे गेलं की एका टोकाचं पाणी दुसऱ्या टोकाला निघतं, आणि हळूहळू नाही, एकदम. घरांचं तसंच. शंभरातली एकोणसाठ घरं चटकन विचारणारी असली, की एका गावची अक्कल, एका गावची युक्ती सगळ्या देशात झिरपते. मग त्या देशाला कुणी थांबवू शकत नाही. आपण अठ्ठावन्नवर आहोत. ब्राझील अठ्ठावन्नच्या किंचित वर. दोघंही दाराशी."

"म्हणजे विचारणारा तो पुढे."

"हो. समोरचा सांगेल अशी खात्री असल्याशिवाय कुणी विचारत नाही ना."

लूर्देसचं ते माणसांनी भरलेलं घर, तिचे तीन तीन प्रश्न, दारातून डोकी घालणाऱ्या बायका, सगळं वैजूकाकीच्या डोळ्यांसमोरून गेलं. मग शेवंतीचा पाठीमागे घेतलेला हात.

"आणि माझं घर?"

हेरंबने कपातल्या चहाकडे बघितलं. "शेवटचं."

"जिल्ह्यात?"

"चोवीस हजारांत."

नऊ महिने ती देशाची लाज राखत होती. तोंडाला कुलूप घालून, नऊ बायकांच्या तोंडांना घालून, घरातला आवाज न आवाज पुसून. आणि तो हिरवा ठिपका तेवढा वेळ एकच गोष्ट लिहून घेत होता, की ह्या घरात कुणी नाही.

"मला एका शब्दाने सांगितलं असतंस..."

"तर मोजणी बिघडली असती."

"आता फार सुधारली!"

हेरंबने बॅगेतून कागद काढला. "म्हणून आलोय. हे घर यादीतून काढता येतं. डबीत बिघाड होता, असं घरमालकाने लिहून दिलं की झालं. मी लिहून आणलंय, तू फक्त सही कर."

"होता बिघाड?"

"नाही."

"माझ्या एका घरामुळे देश बुडतो?"

"देशाला काही फरक पडत नाही. पण सगळ्यांत पहिलं आणि सगळ्यांत शेवटचं घर, दोन्हींची माहिती अहवालात जाते. शुक्रवारी दिल्लीत मांडायचंय. समितीतला प्रत्येक जण आडनाव वाचणार. ज्याने हा शोध लावला त्याचीच आई, आणि..." तो थांबला. "आमच्यातली एक मुलगी आकडे बघून म्हणाली, ह्या बाईला जगात कुणी नसावं. तिला माहीत नव्हतं कुणाचं घर ते."

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही."

वैजूकाकीने कागद हातात घेतला. चौथीच्या शिक्षणाने तिला तो वाचायला वेळ लागला, पण तिने शेवटपर्यंत वाचला. "हा अनुजाला दाखवलास? ती अशा खोट्या कागदाला हात लावायची नाही. काय म्हणाली?"

बाहेर कटर चालू होते. हेरंबने खिशातून रुमाल काढला आणि पुन्हा ठेवला.

"अनुजा गेली, आई. वेगळी राहते. जूनपासून."

"कुठला जून?"

"मागचा."

तिने मनातल्या मनात महिने मोजले. डबी लावायला तो आला तो जुलैत. म्हणजे सुंगटांचं सार तो उभ्याउभ्या गिळत होता तेव्हा घर मोडून महिना झाला होता. आणि त्यानंतरचे सगळे रविवार, सगळं ठीक, सगळं ठीक. हे शहाणं पोर सगळ्या देशाच्या अडणवेळा मोजत हिंडत होतं. हे आपलंच पोर. कॉक उघडून हात भाजून घेणारीचं. तिने त्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

तिला पहिल्यांदा राग आला, मग रागाच्या खालून काहीतरी निराळंच वर यायला लागलं, आणि ते बाहेर कसं काढायचं ह्याची तिला मुळीच सवय नव्हती. तिने खुर्चीच्या हाताला घट्ट धरलं.

"हेरंब."

"हं."

"चार दिवस राहा." आवाज तिला स्वतःला ओळखू येईना. "शुक्रवारचं दुसऱ्या कुणाला तरी सांग. मला... घर खायला उठतं रे. दुपारचं तर फारच. राहशील का?"

भिंतीवरचा ठिपका लुकलुकला. हेरंबने आईकडे बघितलं, अगदी नीट, बऱ्याच वर्षांनी बघावं तसं. त्याचे ओठ हलले. आता सांगेल, जूनमध्ये काय झालं ते आता सांगेल, असं तिला वाटलं. मग त्याने खिडकीतून फाटकाकडे बघितलं.

"आई, शुक्रवारी मीच लागतो गं तिथे. पुढच्या महिन्यात येतो. नक्की."

"बरं."

"सही..."

तिने सही न करताच कागदाची घडी घातली आणि ती त्याच्या शर्टाच्या खिशात सारली. लहानपणी शाळेत जाताना ती त्याच्या खिशात रुमाल घालायची, त्याच हाताने. तो उठला. बॅग खांद्याला लावून पायऱ्या उतरला. ती पाठोपाठ फाटकापर्यंत गेली. गाडीचं दार आपोआप उघडलं आणि आतून एक गोड आवाज म्हणाला, "प्रवास सुरू करायचा का?"

"थांब गो बये," वैजूकाकी गाडीला म्हणाली. मग तिने दारावर हात ठेवला आणि मुलाशी बोलली, कटरवरच्या चौघींनाही ऐकू जाईल अशा आवाजात.

"माझं घर यादीतून काढायचं नाही. आडनावासकट लिही. शेवटचं म्हणून लिही, मला लाज नाही. पण पुढे हेही लिही, की आज दुपारी ह्या घरातल्या बाईने विचारलं. सत्तर वर्षं लागली तिला. आणि त्याच्यापुढे तुझं उत्तर लिही, जसं दिलंस तसं. देशांचं काय ते दिल्लीत ठरव, त्यातलं मला कळत नाही. ह्या घराचा निकाल मी सांगते, तो ऐकून जा. म्हातारी सुटली. मुलगा अजून अडलेला आहे, आणि सांगत कुणालाच नाही."